शिबिराबाहेरच्या पोरांचं कोण विचारतंय?

शमीम, तू गेल्यापासून जो तो मला कारण सांगतोय.

मय्यतीला आलेली तुझी शेजारीण म्हणाली, फार दगदग करायची, म्हणून गेली. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, वेळेवर जेवायची नाही, म्हणून. ऑफिसातले भाऊसाहेब तर ठामच होते, ‘म्याडम डोक्यानं लय काम करायच्या, त्येचाच ताण आला.’ मी मान डोलवत होते आणि मनात तुझा आवाज ऐकत होते: दगदग करूनही ठणठणीत असलेल्या बायका कुणी मोजल्या का? मला हसू फुटलं. तुझ्या घरात, रडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, तोंडावर पदर धरून मी हसले. लोकांना वाटलं हुंदका आला. नंतर तोही आला, पण आधी हसू आलं होतं हे तुला सांगायला हवं. क्रम चुकवून सांगितलेलं तुला कधी खपलं नाही.

नीट रडायला मला अजून सवड मिळालेली नाही, कारण मी चिडलेली आहे. तुझा चाळिसावा दिवससुद्धा व्हायचाय, आणि तेवढ्यात कॉलेजच्या शोकसभेत तुझ्या नावावर एक खोटं जाहीर झालं. जे म्हणायला तू शेवटपर्यंत नकार दिलास, तेच तू सिद्ध केलंस असं माइकवरून सांगितलं गेलं. मी उठले आणि बोलले. काय बोलले ते सांगते, पण आधी मागे जाऊ दे. निष्कर्षावर उडी मारली की तू पेन्सिलीने समासात ‘कसं कळलं?’ असं लिहायचीस, माझ्या वहीतसुद्धा.

आपण दोघी एकदमच सांगलीच्या या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागलो. मी लोणंदकडची, फौजीची मुलगी. तू मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याची. मला मिळाली स्वप्नं, भावना, व्यक्तिमत्त्व, म्हणजे पोरांना आवडणारं सगळं. तुझ्या गळ्यात पडली संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र, जी कुणालाच नको होती. मी पहिल्या तासाला गंमत म्हणून मागच्या बाकावर येऊन बसले. एक पोरगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, आमी गणिताला भिऊन आर्टला आलो, आन् हितं बी आकडंच व्हय?’

तू म्हणालीस, ‘गणित कुठलं गं? हा संशय घ्यायचा तास आहे. संशय घेता येतो ना?’

‘त्यो लय येतो,’ ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

मग एकदा तू तो वर्ग उचलून यार्डात अब्बांच्या दुकानात नेलास. हळदीच्या पोत्याचं तोंड सोडलंस आणि वरची मूठ एका कागदावर ठेवलीस: जाड, पिवळीधमक हळकुंडं. मग पोतं उलटं करून तळातली मूठ दुसऱ्या कागदावर. ती बारीक, तुटकी. ‘वरवर बघून पोतं घेणारा बुडतो. आपल्या चार मैत्रिणींना विचारून सांगलीच्या समस्त बायकांबद्दल लिहिणारीही बुडते.’ पोरं वाकून बघत होती आणि अब्बा कपाळाला हात लावून म्हणत होते, ‘अगं बेटा, गिऱ्हाईकादेखत पोतं उलटं करू नये, एवढं तरी शीक.’ नमुना कसा घ्यावा हे ती पोरं जन्मात विसरणार नाहीत. माझी स्वप्नं आणि भावना मात्र परीक्षा झाली की विसरतात.

आता त्या शिबिराकडे येते. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे ‘साहेब’ म्हणतात, मीही तेच म्हणते. ‘माणूस वाईट नाही,’ असं तू मला दर भांडणात बजावायचीस. ते कुठलंसं भाषण ऐकून आले आणि दहावीच्या मुलांची परीक्षेची भीती घालवायचं ‘उमेद शिबिर’ डोक्यात घेऊन बसले. पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा, मनातलं बोलायचं, चार धीराची वाक्यं मोठ्याने म्हणायची. आपल्याला बोलावून म्हणाले, ‘ह्याचा उपयोग होतो असं जरा शास्त्रीय भाषेत लिहून द्या.’

‘उपयोग होतो का, ते शोधून देऊ,’ तू म्हणालीस.

‘तेच ते हो.’

‘तेच ते नाही, साहेब.’

तुझ्या आणि त्यांच्या भांडणाचा उगम या दोन वाक्यांत आहे. बाकीची वर्षं आपण ते नुसतं लांबवत राहिलो.

आटपाडीकडच्या आपल्या एका शाळेत काम ठरलं. अर्धी मुलं शिबिरात, अर्धी नंतर. हेडसरांना वाटलं, हुशार पोरं शिबिराला बसवावीत, म्हणजे निकाल चांगला दिसेल. तू म्हणालीस, नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. शाळेच्या पटांगणात पालकांसमोर चिठ्ठ्या निघाल्या. एका आजीच्या नातवाचं नाव शिबिरात आलं नाही, तशी ती पुढे आली. ‘देवानं डावा कौल दिला व्हय? परत लाव की गं बाई, एकडाव.’

‘आवं आजी, ह्यात देवाचं काही नाही,’ तू तिच्या जवळ जाऊन म्हणालीस. ‘माझंही नाही आणि हेडसरांचंही नाही.’

‘मग कुनाचं हाय?’

‘कुणाचंच नाही.’

आजीने क्षणभर विचार केला. ‘कुनाचंच न्हाई म्हंजी बरंच झालं की. गावात असं कायबी नसतंय.’ आणि ती जाऊन बसली. चिठ्ठी का टाकायची, हे मी तुझ्या पुस्तकांत वाचलं होतं. पटलं त्या पटांगणात.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते प्रश्नावलीत. ‘मला परीक्षेची भीती वाटते: नेहमी, कधीकधी, कधीच नाही.’ झाडून सगळ्या पोरांनी ‘कधीच नाही’वर खूण केली. मुलींतल्याही बऱ्याच जणींनी. गाव घरटी एक फौजी असलेलं, सकाळी पोरं भरतीसाठी पळायला जाणारी. त्यांना लेखी विचारतोय आपण, भितोस का म्हणून. त्यात वर्गशिक्षक बाकांमधून हिंडत सांगत होते, ‘खरं ल्हिवा रं, पर गावाचं नाव घालवू नका.’ भीतीच नसलेल्या पोरांची भीती आता कशी कमी करायची, म्हणून परतीच्या एसटीत आपण दोघी हसून हसून बेजार झालो. मग तू शांतपणे म्हणालीस, ‘हे सगळे कागद बाद. खोटं पोरं बोलली नाहीत, प्रश्न चुकीचा होता.’

त्या दिवाळीत मी लोणंदला गेले तेव्हा अण्णांना विचारलं, सरहद्दीवर भीती वाटायची का. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात तो शब्द दुसऱ्यांसाठी होता. अण्णा म्हणाले, ‘भ्या? छ्या. घास उतरायचा न्हाई, येवढंच.’

तुला हे सांगितलं तेव्हा तू चहाचा कप तसाच बशीत ठेवलास. ‘एकटे अण्णा म्हणजे पुरावा नव्हे,’ म्हणालीस, ‘पण प्रश्न मिळाला.’ आणि आपली प्रश्नावली बदलली. पेपरच्या दिवशी घास उतरतो का? पोटात कालवतं का? पाठ असलेलं ऐनवेळी आठवत नाही, असं होतं का? मग मात्र पोरं भरभरून लिहायला लागली. एकाने तर तोंडी खुलासाही केला, ‘पोटात लय कालवतं मॅडम, पर भ्या न्हाई वाटत.’ तू अण्णांना निरोप धाडलास की प्रश्न तुमचा आहे, फक्त तुमचं नाव छापता येत नाही. तो निरोप अण्णा पाहुण्यांना सांगत असतात. तू गेल्याचं कळल्यावर त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘तीच का, माझा सवाल घेतलेली?’ आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, आज जेवले नाहीत.

मग निकाल आला. साहेबांच्या केबिनमधला तो प्रसंग मला शब्दन् शब्द आठवतो, कारण तुझा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता आणि इतकी भीतीही. हो, भीतीच. मी फौजीची मुलगी असून लिहितेय.

‘शिबिर केलेल्या पोरांचं पोटात कालवणं कमी झालं का न्हाई?’ साहेबांनी विचारलं.

‘झालं.’

‘मग झालं तर! हेच पाहिजे होतं.’

‘शिबिर न केलेल्यांचंही तितकंच झालं. सराव परीक्षा झाल्या, पेपरची सवय झाली, सगळीच पोरं थोडी सावरली. शिबिरामुळे म्हणावं असा वेगळा फरक दिसत नाही.’

‘त्या पोरांचं कोण विचारतंय?’

‘मी विचारतेय, साहेब,’ तू म्हणालीस. ‘त्यांना विचारल्याशिवाय ह्यांचं काही कळतच नाही.’

साहेबांनी सुचवलं की दुसऱ्या गटाची पानं तेवढी काढून टाका, बाकी अहवाल उत्तम आहे. तू अहवाल उचललास आणि पर्समध्ये घातलास. पुढे विभागप्रमुखपद तुझ्या हक्काचं असून तुला मिळालं नाही. तुझे तास दिवसाच्या शेवटी गेले, पोरं एसटी पकडायच्या घाईत असतात तेव्हा. तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. मी चिडले की म्हणायचीस, ‘कशावरून त्याच कारणाने? दुसरं काही कारण असेल.’ शमीम, कधीकधी तुझ्या ह्या समजूतदारपणाला थोबाडीत मारावी असं मला वाटायचं. सगळ्याच गोष्टींना दुसरं कारण नसतं. काही माणसं सरळसरळ सूड घेतात.

आता आपलं भांडण. ते तू अर्धवट टाकून गेलीस, आणि मला ते अर्धवट ठेवायचं नाहीये.

निकाल बघून मी हिरमुसले होते, कारण शिबिरात पोरं कशी खुलली हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मला व्हरांड्यातली ती मुलगी आठवली. शिबिराबाहेरच्या गटातली होती, तरी पोटावर हात ठेवून, डोळे मिटून श्वास घेत होती. ‘कुणी शिकवलं गं?’ ‘सुनीतानं. आमच्या बाकावर सगळ्यांस्नी येतंय.’ मी तुला म्हटलं, अगं, शिबिराचा उपयोग झालाय! दोन्ही गटांना झालाय! म्हणून तर फरक दिसत नाही!

तू माझ्याकडे बघून विचारलंस, ‘आकडे तुझ्या मनासारखे आले असते, तर ती मुलगी तुला आठवली असती?’

तेव्हा मी गप्प बसले. आज बसत नाही. नसती आठवली, कबूल. म्हणून काय ती मुलगी तिथे नव्हती? ज्या गावात डबासुद्धा कुणी एकटं उघडून खात नाही, तिथे एका बाकावरच्या दोघींपैकी एकीलाच धीर शिकवायचा आणि तो तिच्यापाशीच राहील असं धरून चालायचं, ही चूक आपली. पुस्तकात बसणारा वर्ग आपण आटपाडीत शोधत होतो. मला नंतर सुचलं, पण उशिरा सुचलेलं सगळं खोटं नसतं.

तू म्हणायचीस, ‘खोटं म्हणत नाही मी. तपासलेलं नाही म्हणते. तुला ते खरं असायला हवंय ना? मलाही हवंय. म्हणूनच आपल्या दोघींवर डोळा ठेवायला पाहिजे.’

आणि मग तूच वाट काढलीस. एका वर्गाचे दोन भाग करायचे नाहीत, शाळेसमोर शाळा ठेवायची. काही शाळा आटपाडीकडच्या, काही लोणंदकडच्या, कुठल्या शाळेत शिबिर आधी ते चिठ्ठीने. लोणंदची सुनीता आटपाडीच्या बाकावर बसत नाही. तू दरवर्षी परवानगी मागत राहिलीस आणि दरवर्षी ‘बघू’ असं उत्तर येत राहिलं. तुझ्या आजारपणात मी भेटायला आले तेव्हा उशीला टेकून तू पहिलं विचारलंस, ‘शाळांचं काय झालं?’ मी ओरडले, ‘खड्ड्यात गेल्या शाळा, तू आधी बरी हो!’ तू हसलीस. बोलायला म्हणून आपलं तेवढंच शेवटचं झालं. त्यापेक्षा बरं काही सुचायला हवं होतं, पण मला कुठे ठाऊक होतं की तो शेवट आहे.

तर, शोकसभा. तुझ्या फोटोला हार घातला होता. तुमच्यात फोटोला हार घालत नाहीत; तुझ्या भावाने, सलीमने, तो पाहिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. भाषणं झाली. तू शांत होतीस, सोशिक होतीस, हसतमुख होतीस. सोशिक! मी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना चिमटा काढला. मग साहेब उठले. ते डोळे पुसत बोलत होते, आणि ते नाटक नव्हतं, हे मी तुझ्या शपथेवर सांगते. म्हणाले की शमीम मॅडमनी शास्त्रीय संशोधनाने सिद्ध केलेलं उमेद शिबिर आता मॅडमच्याच नावाने संस्थेच्या सगळ्या शाळांत सुरू होईल, आणि हीच त्यांना खरी श्रद्धांजली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या.

मी उभी राहिले.

‘साहेब, शमीमने हे सिद्ध केलेलं नाही.’

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, ‘मंगलताई, आज दुःखाचा दिवस हाय. हे नंतर बोलू.’

‘नंतर बोलायला ती नाहीये. म्हणूनच आज बोलते. शिबिर निरुपयोगी आहे असं ती कधी म्हणाली नाही. उपयोग होतो असं दिसलं नाही, आणि पुन्हा नीट शोधू द्या, एवढंच ती म्हणत राहिली. हे म्हटल्याची किंमत तिने मोजली, तरी शब्द बदलला नाही. जिवंतपणी जे तिच्याकडून वदवून घेता आलं नाही, ते ती गेल्यावर तिच्या तोंडी घालू नका. शिबिर खुशाल घ्या, आपलं नाव द्या, माझं द्या. तिचं नाव द्यायचं असेल, तर तिला करू न दिलेलं काम करू द्या.’

कुणीतरी मागून म्हणालं, ‘अवो, बसा की बाई, मयताच्या मागं कसला हिशोब?’ मी बसणार नव्हते, पण मला वाटलं आता रडू फुटेल. तेवढ्यात सलीम उठला. तो आडतीचा माणूस, त्याला आपलं हे नियंत्रित गट वगैरे काही कळत नाही. तो हात जोडून म्हणाला, ‘साहेब, आपानं घरात आमालाबी कधी न बघता हो म्हणून दिलं न्हाई. आमी लय वैतागायचो. पर तिचं नाव लावायचं तर तिच्यासारखंच लावा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.’ आणि तो खाली बसला. त्यानंतर साहेबांनी सभा आवरती घेतली.

माझ्याकडे आता लेखी खुलासा मागितलाय, संस्थेची बदनामी का केली म्हणून. खुलासा सोपा आहे. दोन्ही गट शेजारी शेजारी मांडून देणार आहे, दुसऱ्या गटाच्या पानांसकट. माझेही तास दिवसाच्या शेवटी जातील. जाऊ देत, एसटी चुकली तर पोरांना मी चहा पाजेन. आणि ऐक, आटपाडीच्या त्याच हेडसरांचा फोन आला होता. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. म्हणाले, ‘आता मला कोन काय करनार हाय? तुमी या मॅडम, चिठ्ठ्या टाका. ह्या वक्ताला मी हुशार पोरं निवडत न्हाई.’ लोणंदकडच्या शाळांशी अण्णा बोलतायत. तिथल्या एका मुख्याध्यापकांना त्यांनी सवाल त्यांचाच असल्याचं आधीच सांगून टाकलंय. साहेबांची परवानगी नसेल, तर संस्थेबाहेरच्या शाळांत करू. काय निघेल ते निघेल. काहीच निघालं नाही, तर तेही तुझ्या नावाने मोठ्याने वाचून दाखवीन.

एवढंच राहिलं, जे तुझ्या हयातीत म्हणायला जीभ रेटली नाही. तू म्हणाली असतीस, कसं कळलं? खरंच, कसं कळणार? तू भेटली नसतीस तर मी कशी झाले असते, हे तपासायला दुसरी मंगल कुठून आणू? कदाचित वयानेच मी धीट झाले असेन. कदाचित त्या दिवशी सभागृहात कुणीही उठलंच असतं. तुलनेला कुणी नाही, माणूस एकच आहे, आणि एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तुझ्याच मागच्या बाकावर बसून मी शिकले.

तरी काढते आहे. तुझ्यामुळे फरक पडला. पटत नसेल, तर पेन्सिल घेऊन ये आणि खोड.